'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' का चुकतं? मराठी बोलणाऱ्यांसाठी 'हॅव'

प्रश्न थोडक्यात असा आहे: शिक्षण मराठी माध्यमातून झालं, आता नोकरीत रोज इंग्रजीत मेल लिहावे लागतात. वरिष्ठांनी 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' आणि 'आय हॅड सेंट यू अ मेल यस्टरडे' ही दोन वाक्यं चूक म्हणून दाखवली. पण 'आय ॲम हॅविंग लंच' मात्र चालतं म्हणतात. मग नियम नक्की काय?

दोन्ही वाक्यं प्रमाण इंग्रजीत चूकच आहेत. वरवर पाहता चुका वेगळ्या वाटतात, पण दोन्हींच्या मुळाशी आपलं 'असणे' हे क्रियापद आहे. पहिल्या वाक्यात 'आहे' नडलं, दुसऱ्यात 'होतं'. मी प्रौढांना इंग्रजी शिकवतो आणि माझ्या वर्गात 'हॅव'च्या जितक्या चुका ऐकू येतात त्यातल्या बहुतेक याच दोन शब्दांतून निघतात. म्हणून व्याकरणाच्या पुस्तकातला क्रम बाजूला ठेवून मराठीच्या बाजूनेच सुरुवात करतो.

मराठीत 'हॅव'ला नेमकं क्रियापद नाही. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे गाडी आहे, माझ्याजवळ सुट्टे नाहीत, तिच्यात चिकाटी आहे, या घराला तीन दरवाजे आहेत. पाचही वाक्यांत ज्याच्याकडे वस्तू आहे तो माणूस 'मला', 'माझ्याकडे', 'तिच्यात' असा प्रत्यय लावून कडेला उभा राहतो आणि क्रियापद वस्तूप्रमाणे चालतं. 'आहेत' हे भावांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. इंग्रजी हे उलटं करते. तिथे मालक कर्ता होतो आणि पाचही ठिकाणी एकच 'हॅव' किंवा 'हॅज' येतं. यात आपण जगावेगळे नाही. संस्कृतात 'मम अस्ति', हिंदीत 'मेरे पास है', आणि रशियन माणूसही 'माझ्याकडे आहे' याच धर्तीचं वाक्य बोलतो.

आता बोलताना काय होतं ते पाहा. मनात 'आहे' उमटतं, शाळेत 'आहे'ला 'ॲम, इज, आर' घोकलेलं असतं, त्यामुळे तोंडून 'आय ॲम' निघून जातं. मग आठवतं की इथे 'हॅव' हवं. 'ॲम'नंतर 'हॅव' बसत नाही, म्हणून त्याला '-इंग' जोडलं जातं. झालं 'आय ॲम हॅविंग'. हाच गोंधळ 'देअर इज नो मनी विथ मी' या वाक्यात दिसतो. तिथे 'माझ्याजवळ' शब्दशः उतरलेलं असतं. 'आय डोन्ट हॅव एनी मनी' एवढं पुरतं, आणि 'आत्ता खिशात नाहीत' असं म्हणायचं असेल तर शेवटी 'ऑन मी' किंवा 'विथ मी' जोडा.

मात्र 'मला... आहे' दिसलं की डोळे मिटून 'हॅव' लावू नका. 'मला भूक लागली आहे' याचं 'आय ॲम हंग्री' होतं, 'मला घाई आहे' याचं 'आय ॲम इन अ हरी', 'मला राग आलाय' याचं 'आय ॲम अँग्री'. भूक, तहान, झोप, राग, भीती यांना इंग्रजी विशेषणं वापरते. आजारांना मात्र 'हॅव': 'आय हॅव अ फीव्हर', 'आय हॅव अ कोल्ड', 'शी हॅज मलेरिया'. ताप, सर्दी, डोकेदुखी यांच्याआधी 'अ' येतो. मलेरिया, डेंग्यू, मधुमेह यांच्याआधी येत नाही. हे पाठच करायचं, त्यामागे फार तर्क शोधू नये.

आता '-इंग'कडे. 'हॅव'चे दोन स्वभाव आहेत. एकात ती स्थिती असते: भाऊ असणं, गाडी असणं, ताप असणं, शंका असणं. ही स्थिती कुणी 'करत' नसतो, म्हणून तिला चालू काळ लागत नाही. दुसऱ्यात ती कृती किंवा घडामोड असते: जेवणं, चहा पिणं, अंघोळ करणं, मीटिंग घेणं, मजा करणं, त्रास सोसणं. तिथे 'हॅविंग' बिनदिक्कत चालतं. 'वुई आर हॅविंग अ मीटिंग', 'द किड्स आर हॅविंग अ बाथ', 'आय ॲम हॅविंग ट्रबल विथ माय लॅपटॉप'. पडताळा सोपा आहे. मराठीत 'चाललंय' शब्द घालून पाहा. 'माझं जेवण चाललंय' हे बरोबर, 'मीटिंग चाललीय' हेही बरोबर. 'मला दोन भाऊ चाललेत' असं कुणी म्हणणार नाही. तिथे 'हॅविंग' नको.

हा पडताळा एका ठिकाणी लंगडा पडतो. ठरलेल्या पुढच्या कार्यक्रमालाही 'हॅविंग' लागतं: 'वुई आर हॅविंग गेस्ट्स ऑन संडे'. आणि 'शी इज हॅविंग अ बेबी' म्हणजे तिला मूल होणार आहे किंवा या क्षणी होत आहे. तिला आधीच मूल असेल तर 'शी हॅज अ बेबी'. '-इंग'मुळे इथे अर्थच बदलतो, त्यामुळे सहकारी बाईंबद्दल बोलताना जपून.

आपल्या वर्गांत आणि मीटिंगांत हमखास ऐकू येणारं 'सर, आय ॲम हॅविंग अ डाउट' हेही स्थितीचंच वाक्य आहे. 'आय हॅव अ डाउट' म्हटलं की व्याकरण सुटतं, पण बाहेरच्या माणसाच्या कानाला 'डाउट' म्हणजे तुमच्या म्हणण्यावर संशय. 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणावं. तसं पाहिलं तर 'आय ॲम हॅविंग' हा प्रकार भारतीय इंग्रजीत इतका रुळलाय की आपसात बोलताना कुणाचं काही अडत नाही, आणि घरगुती गप्पांत कुणाला टोकू नये असंच माझं मत आहे. मुलाखत, परीक्षा आणि परदेशी ग्राहकाला जाणारा मेल या तीन ठिकाणी मात्र ते खटकतं.

खाण्यापिण्याचं वेगळं. आपण 'चहा घ्या', 'थोडी भाजी घ्या' म्हणतो, त्यामुळे 'टेक टी', 'टेक सम मोर' असं निघतं. आग्रह करताना 'हॅव सम मोर' म्हणा. 'जेवलात का?' याचं 'हॅव यू हॅड लंच?' होतं. औषधाचं नेमकं उलटं आहे. आपण गोळी 'खातो', इंग्रजीत ती 'टेक' करतात.

आता दुसरं वाक्य, जिथे मला जास्त थांबायचंय, कारण ही चूक पदवीधरच काय, इंग्रजी माध्यमातले लोकही करतात. 'आय हॅड सेंट यू अ मेल यस्टरडे.' 'आय हॅड गॉन टू पुणे लास्ट वीक.' 'आय हॅड टोल्ड हिम.' ही वाक्यं मराठीत करून पाहा: काल मेल पाठवला होता, गेल्या आठवड्यात पुण्याला गेलो होतो, मी त्याला सांगितलं होतं. मराठीत सगळी निर्दोष आहेत. नुसतं 'मी गेल्या आठवड्यात पुण्याला गेलो' म्हटलं तर ऐकणारा वाट पाहतो की पुढे काय झालं. गोष्टीला सुरुवात झाल्यासारखं वाटतं. 'गेलो होतो' म्हटलं की कळतं, गेलो, परतही आलो, विषय संपला. म्हणजे मराठीतलं 'होतो' पुष्कळदा एवढंच सांगतं की ही गोष्ट आता मागे पडली.

इंग्रजीतल्या 'हॅड'ला हे काम येत नाही. त्याला भूतकाळातले दोन क्षण लागतात, एक आधीचा आणि एक नंतरचा, आणि 'हॅड' आधीच्या क्षणाला लागतं. 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.' मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती. इथे मराठी आणि इंग्रजी अगदी जुळतात, आणि नेमकं तेच घात करतं. शाळेत उदाहरण म्हणून असलं वाक्य दिलं जातं आणि मुलं समजतात की प्रत्येक 'होतं'ला 'हॅड'. मराठीचं 'होतं' दोन कामं करतं, इंग्रजीचं 'हॅड' त्यातलं एकच.

म्हणून 'हॅड' लिहिण्याआधी स्वतःला विचारा: कशाच्या आधी? उत्तरात भूतकाळातली दुसरी एखादी घटना आली, त्याच वाक्यात किंवा आधीच्या वाक्यात, तर 'हॅड' ठेवा. उत्तर फक्त 'आत्ताच्या आधी' असेल तर साधा भूतकाळ. मेल काल पाठवला, कशाच्या आधी? आजच्या. मग 'आय सेंट यू अ मेल यस्टरडे'. पुण्याला गेलो होतो? 'आय वेंट टू पुणे लास्ट वीक'. 'आय टोल्ड हिम'. हे वाचताना कोरडं वाटतं, काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. ते वाटणं मराठीतून येतं, इंग्रजी वाचणाऱ्याला काही राहिल्यासारखं वाटत नाही. उलट 'आय हॅड सेंट' वाचून तो पुढच्या वाक्याची वाट पाहतो: पाठवला होता, पण मग काय झालं? आणि पुढे तर 'प्लीज कन्फर्म' एवढंच असतं.

याच्याच शेजारची चूक 'हॅव'ची. मुलाखतीत 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हटलं की 'आय हॅव कम्प्लीटेड माय ग्रॅज्युएशन इन 2015' हे वाक्य येतंच. 'मी 2015 मध्ये पदवी घेतली आहे' हे मराठीला चालतं, कारण आपलं 'घेतली आहे' वर्षाशी भांडत नाही. इंग्रजीत संपून गेलेली ठरावीक वेळ सांगितली की 'हॅव' जातं: 'आय ग्रॅज्युएटेड इन 2015'. काल, गेल्या महिन्यात, दहा वाजता, लहानपणी, यांतलं काहीही वाक्यात असलं की साधा भूतकाळ. वेळ सांगायची नसेल किंवा ती अजून चालू असेल, उदाहरणार्थ 'टुडे', 'धिस वीक', 'सो फार', तेव्हा 'हॅव' येतं. अमेरिकन बोलीत 'आय ऑलरेडी एट' असा साधा भूतकाळही सर्रास ऐकू येतो, तेव्हा तो ऐकून गोंधळू नका. दोन्ही ठीक.

'तो मुंबईला गेलाय' आणि 'तो मुंबईला जाऊन आलाय' यांतला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही. इंग्रजीत तोच फरक 'ही हॅज गॉन टू मुंबई' आणि 'ही हॅज बीन टू मुंबई' असा होतो. 'आय हॅव गॉन टू दुबई' असं मुंबईत बसून सांगितलं तर ऐकणारा विचारेल, मग इथे कोण बोलतंय? जाऊन आलोय म्हणजे 'बीन'.

आणि 'पासून'. 'मी दहा वर्षांपासून ठाण्यात राहतो' या मराठी वाक्यात वर्तमानकाळ आहे, म्हणून 'आय ॲम लिव्हिंग इन ठाणे सिन्स टेन इयर्स' होतं. इंग्रजीत मागे सुरू होऊन आजपर्यंत चालत आलेल्या गोष्टीला 'हॅव बीन' लागतं: 'आय हॅव बीन लिव्हिंग इन ठाणे फॉर टेन इयर्स'. किती काळ ते सांगायचं असेल तर 'फॉर', कधीपासून ते सांगायचं असेल तर 'सिन्स'. डॉक्टरांकडे गेल्यावरचं 'आय ॲम हॅविंग फीव्हर सिन्स टू डेज' हे वाक्य म्हणजे आतापर्यंतच्या चुकांचं संमेलन आहे. 'आय हॅव हॅड अ फीव्हर फॉर टू डेज.' 'हॅव हॅड' एकाशेजारी एक पाहून बिचकायचं कारण नाही. पहिलं काळ दाखवतं, दुसरं ताप 'असणं' दाखवतं. भूतकाळात तेच 'हॅड हॅड' होतं आणि तेही छापण्यातली चूक नसते.

'हॅव टू'चा गोंधळ 'जायचंय' या शब्दामुळे होतो. 'मला उद्या लवकर जायचंय' यात इच्छा आहे की नाइलाज? मराठीत दोन्ही असू शकतं, प्रसंगावरून कळतं. इंग्रजीत निवड करावीच लागते. साहेबांना 'आय वाँट टू लीव्ह अर्ली टुमॉरो' म्हणालात तर ती तुमची हौस झाली. मुलाला दवाखान्यात न्यायचं असेल तर 'आय हॅव टू लीव्ह अर्ली'. मनातल्या मनात 'जावं लागेल' म्हणून पाहा. ते बसलं तर 'हॅव टू'. 'जावं लागलं'चं 'हॅड टू', 'जावं लागणार'चं 'विल हॅव टू'.

नकारात हे जास्त महागात पडतं. 'हे कुणाला सांगायचं नाही' असं बजावताना आपले लोक 'यू डोन्ट हॅव टू टेल धिस टू एनीवन' म्हणून बसतात. ऐकणाऱ्याला कळतं ते असं: सांगायची गरज नाही, सांगितलंत तरी हरकत नाही. गुपित असेल तर 'प्लीज डोन्ट टेल एनीवन' किंवा कडक शब्दांत 'यू मस्टन्ट'. 'इथे गाडी लावायची नाही' याचंही तसंच, 'यू कान्ट पार्क हिअर'. होकारात 'मस्ट' आणि 'हॅव टू' जवळजवळ आहेत, नकारात त्यांच्यात बंदी आणि मुभा एवढं अंतर पडतं.

करवून घेण्याच्या अर्थाचं 'हॅव' फार कमी जण वापरतात, खरं तर मराठी माणसाला ते सोपं जायला हवं. 'आय कट माय हेअर' म्हणजे मी आरशासमोर उभं राहून स्वतः कात्री चालवली. सलूनमध्ये गेला असाल तर 'आय हॅड माय हेअर कट'. कापून घेतले, रंगवून घेतलं, दुरुस्त करून घेतली, जिथे 'घेणे' येतं आणि काम दुसऱ्याने केलेलं असतं तिथे हे रूप. शब्दांचा क्रम मात्र सांभाळा: 'हॅड', मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. 'वुई हॅड द हाउस पेंटेड' म्हणजे रंगारी लावून घर रंगवून घेतलं. 'वुई हॅड पेंटेड द हाउस' म्हणजे आम्हीच रंगवलं होतं, आणि पुन्हा तो 'कशाच्या आधी?' हा प्रश्न उभा. बोलण्यात याऐवजी 'गॉट' जास्त ऐकू येतं, 'आय गॉट माय बाइक रिपेअर्ड'. माणसाकडून काम करून घ्यायचं असेल तर 'प्लीज हॅव हिम कॉल मी', मध्ये 'टू' नाही. 'गेट' वापरलं तर 'गेट हिम टू कॉल मी', तिथे 'टू' हवं.

किरकोळ पण रोजच्या गोष्टी: 'डझ', 'डिड', 'विल', 'मस्ट' यांच्यामागे नेहमी 'हॅव', कधीही 'हॅज' नाही. 'ही डझन्ट हॅज' ऐकलं की परीक्षकाची लेखणी हलतेच. 'हॅव यू अ पेन?' हे जुन्या ब्रिटिश वळणाचं, आज 'डू यू हॅव' किंवा 'हॅव यू गॉट' म्हणा. दोन्हींची खिचडी करून 'डू यू हॅव गॉट' करू नका. 'हॅव अ वर्ड विथ हिम' म्हणजे त्याच्याशी जरा बोलून घ्या, 'हॅव वर्ड्स विथ हिम' म्हणजे भांडण. 'यू हॅड बेटर गो' यात 'हॅड' असलं तरी भूतकाळ नाही; गेलेलं बरं, नाहीतर पंचाईत होईल, असा तो सल्ला आहे.

शेवटी ऐकण्याबद्दल, कारण ऐकू न आलेला शब्द तोंडात येत नाही. 'हॅव टू' भरभर बोलताना 'हॅफ्टू' होतं आणि 'हॅज टू'चं 'हॅस्टू'. 'शुड हॅव'मधलं 'हॅव' तर इतकं आखडतं की फक्त 'शुडव्' उरतं. इंग्रजी मातृभाषा असलेले लोकसुद्धा घाईत ते 'शुड ऑफ' असं चुकीचं लिहितात. आपली अडचण निराळी. 'मला सांगायला हवं होतंस' यात पुन्हा 'होतं' आहे, म्हणून कुणी 'यू शुड हॅड टोल्ड मी' लिहितं. 'शुड', 'कुड', 'वुड', 'माइट' यांच्यामागे भूतकाळासाठीही 'हॅव'च राहतं: 'यू शुड हॅव टोल्ड मी', आणि 'मी येऊ शकलो असतो' याचं 'आय कुड हॅव कम'. नुसतं 'आय कुड कम' म्हटलंत तर समोरचा धरून चालेल की तुम्ही अजून येऊ शकता, आणि तुमची वाट पाहील.